लतीफ मिस्त्रींचा शक

लतीफ मिस्त्री नमस्कारसुद्धा तपासून घेत. आपण "सलाम, मिस्त्री" म्हटलं की लगेच उत्तर येत नसे. आधी ते आपल्या तोंडाकडे बघत, मग हातांकडे, मग आपल्या मागे आणखी कुणी उभं आहे का तिकडे. सगळं ठीक निघालं तर "वालेकुम सलाम" म्हणून परत गाडीखाली शिरत. पहिल्या भेटीत मला वाटलं, हा माणूस आपल्याला चोर समजतो. पुढे कळलं, ते सगळ्यांनाच चोर समजत. त्यात माझा वेगळा अपमान नव्हता.

पांढरकवड्याहून केळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागताना एका चिंचेखाली त्यांचा टिनाचा शेड होता. मूळचे आर्णीचे. लढाईच्या काळात फौजेच्या मोटारी दुरुस्त करायला होते, तिथे जीप शिकले. मी नोकरीला लागलो त्या वर्षांत, म्हणजे साठ सालाच्या आगेमागे, आमच्या भागात जीपगाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांतली एकही त्यांच्या हाताखालून न गेलेली नव्हती. हाताखाली मात्र कुणाला ठेवलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मानूस ठेवला का दोन कामं होते बाबू. एक गाडीचं, एक त्याच्यावर नजर ठेवाचं."

त्यांची एक पद्धत मी दुसऱ्या कुठल्याच मिस्त्रीपाशी पाहिली नाही. पानाच्या डबीतला चुना ते जवसाच्या तेलात कालवून ठेवत, आणि गाडीचा प्रत्येक नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत त्या चुन्याची एक बारीक रेघ ओढत. तेलामुळे ती वाळून दगड होई. मागाहून कुणी नट फिरवला किंवा तो आपोआप ढिला झाला, तर रेघ तुटायची. गाडी परत आली की पान्याला हात लावायच्या आधी ते रेघा वाचत बसत. "कोनी हात लावला, कवा लावला, सारं सांगते हे." काढलेला जुना पार्ट ते तारेत ओवून, चिठ्ठी बांधून मालकाच्या हवाली करत. मालकाने घेतला नाही तर स्वतः जपून ठेवत. मालक उद्या उलटेल हा त्यांचा ठाम विश्वास होता. त्यांचा ठाम म्हणावा असा विश्वास तेवढाच.

नाही, आणखी एक होता. त्यांची धाकटी बहीण जुबेदा. आईबाप लवकर गेल्यावर मिस्त्रींनीच तिला वाढवलं आणि तिचं लग्न याच गावातल्या हनिफशी लावून दिलं. हनिफचं मटणाचं दुकान होतं. हॉटेलातला चहा प्यायच्या आधी कप उजेडाकडे धरून बघणारा हा माणूस, बहिणीकडून आलेला डबा उघडून हुंगायचासुद्धा नाही. सरळ जेवायला बसायचा.

त्यांचा शक आंधळा नव्हता, हे सांगायला हवं. एका ठेकेदाराची जीप मारेगावच्या रस्त्यावरच्या एका वळणाला लागली की थरथरायची. वळणावर झाड होतं, झाडाखाली कुणाचं तरी थडगं होतं. ठेकेदाराने तिथे नारळ फोडले, लिंबं ठेवली, एक कोंबडंही दिलं म्हणतात. शेवटी गाडी मिस्त्रींकडे आली. त्यांनी ठेकेदारालाच धोतर सावरून गाडीखाली निजायला लावलं आणि हातात खुरपं दिलं. चाकाच्या आतल्या कडेला आपली काळी माती एकाच बाजूला बसून विटेसारखी वाळली होती. सगळी खरवडून निघाल्यावर मिस्त्रींनी तो ढीग ठेकेदारापुढे सरकवला. "हे घ्या तुमचं भूत. घरी न्या, तुळशीत टाका." वळणाच्या अलीकडचा रस्ता तेवढा चांगला होता, म्हणून तिथे गाडी वेग घ्यायची आणि म्हणून तिथेच थरथरायची. मिस्त्री म्हणत, "शकानं कोनी मेला नाई बाबू. मेले ते सारे भरोशानं."

मी त्यांच्या शेडात आठ दिवस बसलो, ते मात्र माणूस आवडला म्हणून नव्हे. मला त्यांच्यावर पाळत ठेवायला पाठवलं होतं.

झालं असं. आमच्या ऑफिसची जीप घेऊन साहेब दौऱ्यावर निघाले होते. गाडीवर महादेव कुमरे, माझ्याच वयाचा, अबोल ड्रायव्हर. मागे तंबू, खाटा, भांडी, सगळा डेरा. मारेगावच्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यातून गेलं आणि पुढची दोन्ही चाकं, माणूस 'नाही नाही' म्हणत मान हलवतो तशी, डावी-उजवीकडे हलायला लागली. कुमरेच्या हातातलं चाक हिसडलं आणि गाडी नाल्यात गेली. साहेबांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरने तीच गाडी केळापूरपर्यंत रिकामी पळवून आणली. चाकं जरासुद्धा हलली नाहीत. मग निकाल लागल्यासारखाच झाला. कुमरे गोंड, आणि दिवस मोहफुलांचे. तो प्याला होता का, हे कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना माहीतच होतं. 'चालक नशेत असावा' हे वाक्य रिपोर्टात माझ्या हस्ताक्षरात आहे. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं.

कुमरेला घरी बसवलं. यवतमाळहून मोठे साहेब येऊन चौकशी करणार होते. त्यांनी शिक्का मारला की नोकरी जाणार आणि लायसनही जाणार. लायसन गेलेला ड्रायव्हर म्हणजे हात गेलेला माणूस.

पण अपघाताच्या महिनाभर आधी त्याच जीपचं पुढचं सगळं काम लतीफ मिस्त्रींनी केलं होतं, त्यामुळे साहेबांना त्यांचाही संशय होताच. "नवे बेअरिंग खाऊन जुने घातले असतील त्याने. गाडी त्यालाच उघडू द्या. मुळे, तुम्ही तिथे बसा. डोळे मिटू नका."

मी गेलो तेव्हा मिस्त्रींनी स्टूल पुसून दिलं, पण ते शेडाच्या बरोब्बर मध्यभागी ठेवलं. "मुळेबाबू, तुमी कायले आले मले मालूम हाय. बसा. इथून तुमाले माहे हात दिसते, आन मले तुमचे."

पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला हातच लावला नाही. कुमरेला बोलावून घेतलं आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. अंगठा मुळाशी सुजून काळानिळा झाला होता.

"हे कसं झालं?"

"चाक फिरलं. आरा लागला," कुमरे म्हणाला. "मी पेलो नोतो मिस्त्री. गाडीवर मी पानीबी इचार करून पेतो."

"तू काय पेला थे मी इचारलं नाई. अंगठा इचारला." मग मिस्त्री माझ्याकडे वळले. "बाबू, पेलेल्या मानसाच्या हातातून चाक सुटते. ज्यानं कसून धरलं त्याचाच अंगठा मोडते. रिपोर्ट तुमी लिवला ना? तोंड हुंगलं होतं याचं?"

मी नाही म्हणालो. 'मग लिवलं कसं?' असं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. कुमरे खाली बघत उभा होता, आणि मला पहिल्यांदा माझ्या अक्षराची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून रेघा वाचणं सुरू झालं. टायर, चाकाच्या आतली माती, चाकं जोडणाऱ्या दांडीचे दोन्ही सांधे, कमानीचे पाटे. एकेका ठिकाणी चिंधीने पुसून बॅटरीचा उजेड पाडायचा, मला खाली वाकवून दाखवायचं आणि विचारायचं, "रेघ हाय का तुटली?" रेघ कुठेच तुटली नव्हती. कुणी हात लावला नव्हता, काही ढिलं झालं नव्हतं. मिस्त्रींचा चेहरा दर रेघेगणिक उतरत चालला. कुठे एक तुटलेली सापडली असती तर दोष दुसऱ्याचा झाला असता, हे माझ्याही लक्षात येत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बेअरिंगं काढून घासलेटात धुऊन ठेवली आणि मला पान आणायला पाठवलं. माझा संशय जागा झाला. जायच्या आधी मी चारही बेअरिंगांवर पेन्सिलीने बारीक खूण करून गेलो. परत आलो तर मिस्त्री एक बेअरिंग डोळ्याशी धरून बसले होते.

"याच्यावर पेनसिल कोनी लावली?"

मी पान पुढे केलं.

"बरं केलं. शिकून राह्यले तुमी." आणि पान तोंडात टाकायच्या आधी त्यांनी ते उलगडून आत बघितलं.

बेअरिंगं नवीच होती, निर्दोष होती. चौथ्या दिवशी सगळं पुन्हा बसवून आम्ही रिकामी गाडी घेऊन निघालो. काही झालं नाही. मिस्त्री परत आले, कापसाच्या जिनातून सरकीची पोती मागवली आणि गाडीच्या मागच्या बाजूला रचली. "त्या दिवशी साहेबाचा डेरा होता ना मागं? मागं वजन पडलं का पुढचं उचलते. तुमच्या त्या ड्रायव्हरनं रिकामी कायले पाह्यली?" मारेगावच्या रस्त्याला त्यांनी गाडी तीस मैलांच्या पुढे नेली आणि मुद्दाम एक चाक खड्ड्यातून काढलं. त्यानंतरचं अर्धं मिनिट मी आजही विसरलो नाही. आधी पायाखाली कुरकुर, मग सगळी जीपच कुणीतरी गचांडी धरून हलवावी तशी. समोरची काच दिसेना, दात दातांवर वाजायला लागले. मिस्त्रींनी चाक धरून ठेवायचा प्रयत्नच केला नाही. अंगठे बाहेर काढून तळवे नुसते टेकवले आणि हळूहळू वेग उतरवला. गाडी थांबली तेव्हा मी उतरलो आणि झोकांड्या खात रस्त्याच्या कडेला गेलो.

"आता लिवा रिपोर्टात," ते म्हणाले. "मुळेबाबू नशेत असावे."

गाडी हलते हे सिद्ध झालं. पण का हलते हे दाखवल्याशिवाय साहेब मानणार नव्हते. मिस्त्रीने मुद्दामच काही ढिलं करून हलवली असं म्हणायला ते मोकळे होते. आणि संशय घ्यायला तर आता काही उरलंच नव्हतं. पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं, तिच्या वर-खाली ती बेअरिंगं असतात. ती इतकी घट्ट हवीत की चाक वळावं पण थरथरू नये. घट्ट-ढिलं करायला पातळ पत्रे असतात. पत्रा काढला की घट्ट, घातला की ढिलं. किती घट्ट, हे मिस्त्री अंदाजाने ठरवत नसत. अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता. खाली हूक असलेला, आकड्याचा स्प्रिंगकाटा सांध्याला अडकवून ओढायचा, आणि सांधा वळायला लागला की काट्यावर सहा पौंड दिसले पाहिजेत, हे ते फौजेत शिकले होते. महिन्यापूर्वी सहा दिसले होते. आताही जवळपास सहाच दिसले.

मिस्त्री पाचवा दिवस नुसते बसून राहिले. संध्याकाळी एकदम म्हणाले, "बाबू, एक चीज राह्यली. तिच्यावर म्या शक केलाच नाई."

"कोणती?"

त्यांनी हातातल्या काट्याकडे बोट दाखवलं. तो हनिफच्या दुकानातला होता. दुपारी दुकान बंद झालं की मिस्त्री तो मागून आणत, संध्याकाळी परत देत. वर्षानुवर्षं.

त्यांनी एका डब्यात जुने नट-बोल्ट भरले आणि काट्याला लटकवला. सहा पौंड. मग मला म्हणाले, डबा पोस्टात न्या. पोस्टमास्तरांनी पार्सलच्या काट्यावर तोलला. तोळ्यांचे पौंड केले तर भरले चार. मिस्त्रींचं समाधान झालं नाही. "पोस्टवाल्याचा काय भरोसा?" म्हणून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे तान्ही बाळं तोलायचा काटा होता. नर्सबाई हसत होती, पण मिस्त्री हसत नव्हते. त्यांनी डबा बाळाला ठेवावं तसा अलगद ठेवला. चार पौंड.

परतताना ते रस्त्याच्या कडेने चालत होते. हनिफने अलीकडेच कधीतरी काट्याची स्प्रिंग बदलली होती. गिऱ्हाइकाला चारचं सहा दाखवणारा तो काटा मिस्त्रींनाही चारचं सहा दाखवत होता. त्यांच्या हिशेबी सांधा घट्ट होता आणि खरोखर ढिला. सगळ्या गावावर शक घेणारा माणूस आपल्या बहिणीच्या घरच्या वस्तूवर शक घ्यायचा विसरला होता.

मी त्यांना एक वाट सुचवली. सुचवली याची आता शरम वाटते, पण तेव्हा मला ती शहाणपणाची वाटली होती. "मिस्त्री, बेअरिंग खराब निघालं म्हणून सांगा. कुमरे सुटेल, तुमचंही नाव जाणार नाही, घरातलंही घरात राहील. मी कुठे बोलणार नाही."

मिस्त्री थांबले. "बेअरिंग कोनी तरी इकलं असंन ना बाबू? उद्या त्याच्यावर शक येईन. खरा शक घ्यावा मानसानं, रोज घ्यावा. खोटा शक दुसऱ्याच्या गळ्यात बांधाचा, थे हराम हाय. तेच तर केलं तुमी कुमऱ्यासंगं."

ते पुढे चालू लागले, मी मागून.

चौकशीच्या दिवशी मोठे साहेब टेबलामागे बसले होते. बाजूला आमचे साहेब, हात गळ्यात बांधलेला. कुमरे दारापाशी उभा. मिस्त्रींनी टेबलावर नट-बोल्टांचा डबा ठेवला, काटा ठेवला, दवाखान्यातून मागून आणलेला बाळांचा काटाही ठेवला आणि डबा दोन्हींवर तोलून दाखवला. "गाडी हलते साहेब. ढिली म्या ठेवली. काटा खोटा होता, पाह्यला नाई. चूक माही. याची नाई."

"काटा कुणाचा?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी काटा उचलून हातात घेतला. मला वाटलं, बाजारातून मागून आणला म्हणतील. तेवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"माह्या बहनोईचा," ते म्हणाले.

त्याच दुपारी मोठ्या साहेबांसमोर त्यांनी पत्रे काढले, बाळांच्या काट्याला आकडा नव्हता म्हणून जिनातून तपासलेला काटा आणून सांधा ओढला, आणि सरकीची पोती लादून तोच खड्डा कुमरेच्या हातून पार करवला. मोठे साहेब स्वतः शेजारी बसले होते. गाडी सुतासारखी सरळ गेली. कुमरे कामावर आला. माझं वाक्य रिपोर्टातून खोडलं गेलं. खोडायलाही मलाच लावलं, ते बरंच झालं.

आमच्या ऑफिसने मिस्त्रींना पुन्हा काम दिलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नसावं. पण मापं तपासणारे हनिफकडे गेले, दुकानाला काही महिने कुलूप लागलं, आणि जुबेदाने भावाचा डबा बंद केला. मिस्त्री हॉटेलातून जेवण मागवायला लागले. पोळी उलटून बघत, डाळीत चमचा फिरवून बघत आणि अर्धं ताट तसंच सोडून देत. "चांगलं नाई लागत," एवढंच म्हणत. माझ्यासारख्याने काय म्हणायचं? एक माणूस खरं बोलला आणि उपाशी राहिला, आणि ज्याने न बघता लिहिलं तो मी दोन वेळा घरी जेवत होतो. त्याचा मला राग यायचा, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नसे. कुमरे मात्र दर आठवड्याला गाडी मुद्दाम चिंचेखाली उभी करायचा, उतरायचा, मिस्त्रींनी ओढलेल्या रेघा बघायचा आणि निघून जायचा.

दोनेक वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी बाजारातून जात होतो, तर हनिफच्या दुकानापुढे मिस्त्री दिसले. हातात पिशवी. दुकान पुन्हा उघडलं होतं, नवा किलोचा काटा लटकत होता. आत पडद्याशी जुबेदा उभी होती, आणि तिने काय अट घातली होती हे मला नंतर कुमरेकडून कळलं. ती म्हणाली होती, "भाईजान, आना है तो आँख बंद करके आना."

हनिफ मटण तोलत होता. आणि लतीफ मिस्त्री काट्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मी समोरच होतो, पण त्यांनी मला ओळख दिली नाही. डोळे खरोखरच मिटलेले होते.

हनिफने पुडी बांधून पुढे केली. मिस्त्रींनी ती न बघता घेतली. पुडी असलेला तळहात सवयीने एकदा, अगदी जरासा, खालीवर झाला. मग तो थांबला, आणि त्यांनी पुडी पिशवीत टाकली.